यीस्टच्या पेशीतला मांडव आणि त्यावर राबणारे हमाल



गोडी छाटणी झाली की आपल्या भागातल्या बायांना उसंत राहत नाही. फूट काढायची, शेंडे मारायचे, काड्या तारेला बांधायच्या. घड दिसायला लागले की विरळणी, मग डिपिंग, मग घडांना पेपर लावणं. एकलहऱ्याच्या चिमण्यांकडे पाठ करून कितीतरी जणी सकाळीच टेम्पोत बसतात आणि दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभ्या राहतात. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बहिणी तर बागेतच मुक्कामाला असतात. पानावर औषधाचा पांढरा थर असतो, तो हाताला लागतो, त्याच हातांनी पदर सावरला जातो.

मागे बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "फवारणीचं औषध बुरशीला मारतं म्हणतात. पण ते बुरशीचं नेमकं काय मोडतं? आणि जे मोडतं, ते आपल्या अंगातही आहे का?"

प्रश्न एवढा सरळ होता की सगळ्या गप्प बसल्या. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. शोधायला गेले तेव्हा कळलं, की या उत्तराचा रस्ता पाव फुगवणाऱ्या यीस्टमधून जातो. आज तोच इतिहास सांगणार आहे. थोडा धीर धरून ऐका, शेवटी आपण पुन्हा मांडवाखालीच येणार आहोत.

ओळखीचं यीस्ट

यीस्ट आपल्याला नवं नाही. बेकरीतला पाव फुगतो तो त्याच्यामुळे. द्राक्षाचा रस आंबून त्याची वाईन होते तीही त्याच्यामुळेच. यीस्ट ही बुरशीच्याच गोतातली एक. पण तिचा एकेक जीव म्हणजे एकच पेशी. एका मिलिमीटरच्या रेघेवर २०० पेशी रांगेत बसतील एवढी ती लहान.

हॉलंडमधल्या लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून १६८० साली पहिल्यांदा यीस्टचे गोळे पाहिले. ते जिवंत आहेत हे मात्र त्यालाही कळलं नाही. आंबवण्याचं काम हे जिवंत पेशीचं काम आहे, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८५७ ते १८६० च्या सुमारास ठामपणे मांडलं. पुढे १८९७ साली जर्मनीच्या एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलबत्त्यात कुटलं, त्याचा रस पिळून काढला आणि त्या रसात साखर घातली. पेशी मेलेल्या होत्या, तरी साखर आंबली! म्हणजे आंबवणारी वस्तू पेशीच्या रसात होती. त्यासाठी त्यांना १९०७ साली नोबेल मिळालं.

या शोधाने एक समज मात्र घट्ट बसला, की पेशी म्हणजे रसाने भरलेली पिशवी. आत वस्तू तरंगतात आणि आपोआप इकडून तिकडे जातात. हा समज मोडायला पुढे पासष्ट-सत्तर वर्षं लागली.

पिशवीत सापडला मांडव

१९६३ च्या सुमारास पेशी टिकवून ठेवण्याची नवी पद्धत आली आणि जोरदार सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या आत बारीक पोकळ नळ्या स्पष्ट दिसू लागल्या. आधीच्या पद्धतीत पेशी थंड करायच्या, तेव्हा त्या नळ्या विरघळून जायच्या, म्हणून कुणाला धड दिसल्याच नव्हत्या. त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. आपण नळ्याच म्हणू. डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत अशा दोन-तीन हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील.

म्हणजे पेशी ही नुसती पिशवी नव्हती. आत सांगाडा होता. जसा द्राक्षाच्या बागेत अँगल आणि तारांचा मांडव असतो, तसा.

या नळ्या कशाच्या बनल्या आहेत? याचं उत्तर एका विषामुळे मिळालं. पावसाळ्यात बांधावर कळलावी फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी. काही ठिकाणी तिला गौरीचे हात म्हणतात. तिच्या कंदात कोल्चिसीन नावाचं जहाल विष असतं. युरोपात हेच विष दुसऱ्या एका कंदात सापडतं. या विषाने पेशीचं विभाजन अर्ध्यावर थांबतं हे आधीपासून माहीत होतं. १९६७ साली शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी हे विष नेमकं कशाला चिकटतं ते शोधलं. ते एका प्रथिनाला चिकटत होतं आणि तेच प्रथिन म्हणजे या नळ्यांची वीट. पुढे तिला ट्यूब्युलिन हे नाव पडलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कळ लावते म्हणून कळलावी, या समजुतीने बाळंतपणासाठी हा कंद वापरण्याची जुनी रीत होती. हा कंद माणसाला मारू शकतो. कुणीही, कोणत्याही कारणाने तो पोटात घेऊ नये.

फवारणीचं औषध प्रयोगशाळेत

१९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बेनोमिल नावाचं बुरशीनाशक बाजारात आलं. ते पाण्यात आणि पानावर गेलं की त्यातून कार्बेन्डाझिम तयार होतं. कार्बेन्डाझिम तुम्हाला ठाऊक आहे, बहुतेक जणी त्याला बाविस्टिन म्हणूनच ओळखतात. करप्यावर आणि भुरीवर ते वर्षानुवर्षं मारलं गेलं.

औषध लागू पडत होतं, पण कसं ते कळलं नव्हतं. न्यू जर्सीत रॉन मॉरिस यांनी त्यासाठी एक बुरशी निवडली. आपल्या कांद्यावर काळी भुकटी धरते ना, त्या बुरशीच्या कुळातली. त्यांनी बेनोमिलच्या माऱ्यातूनही जगणारे तिचे वाण शोधले आणि १९७८ साली दाखवलं, की त्या वाणांत नळीची वीटच, म्हणजे ट्यूब्युलिन, बदललेली आहे. औषधाला चिकटायला जागाच उरलेली नाही.

ताईंच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग इथे सुटला. हे औषध बुरशीच्या पेशीतला मांडव मोडतं. विटा एकमेकींवर बसू देत नाही. मांडव पडला की पेशी दोन होऊ शकत नाही आणि बुरशीची वाढ थांबते.

बागेत दिसणाऱ्या दोन गोष्टींचा उलगडाही यातूनच होतो. एक म्हणजे हे औषध केवड्यावर चालत नाही. कारण केवडा ज्या जीवामुळे येतो तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही आणि त्याच्या विटेला हे औषध धरत नाही. दुसरी गोष्ट, तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की लागू पडेनासं होतं. ट्यूब्युलिनमध्ये एकाच जागी एक छोटासा बदल झाला तरी बुरशी वाचते आणि मग तीच वाढत जाते.

आता यीस्टकडे या. यीस्टलाही बेनोमिल लागतं. १९८० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड बॉटस्टीन यांच्या गटाने यीस्टमधल्या ट्यूब्युलिनचं जनुक असंच या औषधाच्या मदतीने शोधून काढलं. जे औषध आपण पंपात घालतो, ते तिकडे शास्त्रज्ञांच्या हातातलं हत्यार झालं.

हमाल सापडले

मांडव सापडला. पण त्यावर कामाला कोण?

एकलहऱ्याच्या थर्मलमध्ये कोळसा वाघिणींतून येतो आणि पट्ट्यावरून बॉयलरपर्यंत जातो. पट्टा नुसता असून भागत नाही, तो फिरवायला मोटर लागते. पेशीतही तशाच मोटरी आहेत. ही प्रथिनंच असतात, पण चालणारी. त्यांना मोटर प्रथिनं म्हणतात. मी त्यांना हमाल म्हणणार आहे, कारण त्या खरोखर पाठीवर ओझं घेऊन पाय टाकत चालतात.

पहिला हमाल सापडला तो पेशीच्या बाहेरच्या हलत्या केसांत. इयान गिबन्स यांनी १९६५ साली त्याला डायनिन हे नाव दिलं. आपल्या श्वासनलिकेतही असेच बारीक केस सतत हलत असतात आणि कफ वर ढकलतात. ते काम डायनिनचं.

दुसऱ्या हमालाची कथा गमतीची आहे. रोनाल्ड व्हेल हा तरुण विद्यार्थी आणि मायकेल शीट्झ हे शास्त्रज्ञ यांना माकुळाच्या मज्जातंतूवर काम करायचं होतं. माकूळ म्हणजे मुंबईच्या कोळणी विकतात तीच समुद्रातली. तिचा मज्जातंतू चांगला जाड असतो, आतली ये-जा दिसते. पण १९८३ साली एल निनोमुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर माकूळच मिळेना. एल निनो हा शब्द आपण पाऊस लांबला की बातम्यांत ऐकतो, तोच. मग ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत गेले. तिथे टॉम रीझ यांच्यासोबत काम करून त्यांनी १९८५ साली नवा हमाल शोधला. त्याचं नाव कायनेसिन.

पुढे मोजमाप झालं. कायनेसिनचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, म्हणजे एका मिलिमीटरला सव्वा लाख पावलं. आणि एका पावलाला पेशीतल्या इंधनाचा एक कण खर्च होतो. फुकट कुणीच राबत नाही, पेशीतसुद्धा नाही.

आई, लेक आणि वाटणी

आता खरी गोष्ट सुरू होते. हे हमाल फक्त मांडवावरून ओझं वाहतात, की मांडवालाही काही करतात? याचं उत्तर यीस्टने दिलं.

यीस्टच का? ते स्वस्त आहे, साखरपाण्यावर वाढतं, दीड तासात एकाचे दोन होतं. एखादं जनुक काढून टाकलं की काय बिघडलं ते दोन दिवसांत दिसतं. सिएटलचे लेलँड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास यीस्टमध्येच पेशी विभाजनाची जनुकं शोधायला सुरुवात केली आणि २००१ चं नोबेल त्यांना इतर दोघांसोबत मिळालं. १९९६ साली यीस्टच्या जनुकांचा सगळा आराखडा वाचून झाला. सुमारे ६००० जनुकं. हमालांची यादीही पूर्ण झाली. नळ्यांच्या मांडवावर कायनेसिनच्या घराण्यातले सहा आणि डायनिन एकच. आणखी पाच मायोसिन, ते दुसऱ्या जातीच्या धाग्यांवरून चालतात. एकूण बारा. माणसात एकट्या कायनेसिनच्या घराण्यातच ४५ च्या आसपास आहेत. बारा जणांचं घर समजून घेणं सोपं.

यीस्टची पेशी मधोमध चिरून दोन होत नाही. छाटलेल्या काडीवर डोळा फुटावा, तसा तिच्या अंगावर एक डोळा फुटतो. तो वाढतो आणि त्याची लेक होते. आईने गुणसूत्रांची दुप्पट करायची आणि बरोबर अर्धा वाटा लेकीला द्यायचा. सातबारावर लेकीचं नाव लागतं की नाही याची आपल्याकडे केवढी ओढाताण असते! यीस्टमध्ये वाटा गेला नाही तर लेक जगतच नाही.

अडचण अशी, की गुणसूत्रं केंद्रकात, केंद्रक आईच्या पोटात आणि लेकीकडे जायची वाट म्हणजे एक अरुंद मान. केंद्रक त्या मानेपाशी आणून अर्धं आत ओढायला हवं.

१९९३ साली दोन वेगवेगळ्या गटांनी यीस्टमधलं डायनिन काढून पाहिलं. तेव्हा केंद्रक मानेतून नीट जाईना. कितीदा दोन्ही वाटे आईच्याच पोटात राहिले. मग कळलं की डायनिन लेकीच्या भिंतीला धरून बसतो, केंद्रकापासून आलेली नळी पकडतो आणि ओढतो. आपण आडावर उभं राहून दोराने पोहरा ओढतो, तसं. इथे हमाल जागचा हलत नाही, मांडवाची नळीच सरकते. म्हणजे हमाल मांडवालाच हलवतो.

केंद्रकाच्या आतही अशीच ओढाताण. गुणसूत्रांची वाटणी करायला नळ्यांचा एक चातीसारखा सांगाडा उभा राहतो. १९९२ साली बाल्टिमोरमध्ये अँड्र्यू हॉइट यांच्या गटाने दाखवलं, की सिन-८ आणि किप-१ हे दोन हमाल समोरासमोरच्या नळ्या धरून त्यांना दूर ढकलतात. दोघांनाही थांबवलं की उभी असलेली चाती आतल्या आत कोसळते. कारण कार-३ नावाचा तिसरा हमाल उलट दिशेने आत ओढत असतो. गंमत म्हणजे कार-३ ही काढून टाकला, तर कोसळणं बऱ्याच अंशी टळतं. मांडवाचा कोपऱ्यातला खांब बाहेरून ताण दिल्याशिवाय उभा राहत नाही, हे आपल्याला माहीत आहे. ताण दोन्हीकडून हवा आणि बेताचा हवा.

१९९७ साली त्याच प्रयोगशाळेतून फ्रँक कॉटिंगहॅम आणि हॉइट यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि इथे आपलं फवारणीचं औषध पुन्हा आलं. त्यांनी यीस्टमधला किप-३ नावाचा हमाल काढला. पेशीतल्या नळ्या लांब झाल्या आणि त्या पेशीवर बेनोमिल कमी लागू पडू लागलं. मग किप-२ नावाचा दुसरा हमाल काढला. नळ्या आखूड झाल्या आणि थोड्याशा बेनोमिलनेही पेशी बेजार झाली. अर्थ उघड होता. किप-३ नळ्या खुडतो, किप-२ त्या वाढवतो. खुडणारा नसला की औषधाने मोडूनही नळ्या पुरतात, वाढवणारा नसला की पुरत नाहीत.

किप-३ खुडतो कसा, ते २००६ साली दोन गटांनी नळ्यांवर प्रत्यक्ष पाहिलं. तो नळीवर चढतो, वाढत्या टोकापर्यंत चालत जातो आणि तिथल्या विटा काढतो. नळी जेवढी लांब, तेवढे जास्त हमाल वाटेत चढतात, तेवढी ती जास्त वेगाने खुडली जाते. आखूड नळीवर हमाल कमी, म्हणून ती वाचते. हातात पट्टी नाही, मोजणारं कुणी नाही, तरी लांबी बेतात राहते. आपण शेंडा मारतो ते डोळ्यांनी वेल बघून. पेशीत बघणारं कुणी नाही आणि तरी शेंडा बरोबर मारला जातो.

मैत्रिणींनो, या सगळ्या इतिहासातून मला समजलेली मुख्य गोष्ट हीच. पेशीचा सांगाडा हा आपल्या हाडांसारखा किंवा लोखंडी अँगलसारखा एकदा उभा केला की झालं, असा नसतो. तो क्षणाक्षणाला बांधला जातो आणि मोडला जातो. आणि बांधणारे, खुडणारे, ताणणारे, ओढणारे तेच असतात, जे त्याच्यावर राबतात. मांडव हमालांना आधार देतो आणि हमाल मांडवाला आकार देतात.

पुण्या-मुंबईत

हे काम फक्त परदेशात चाललं असं समजू नका. पुण्याला २००६ साली आयसर ही विज्ञान संस्था सुरू झाली. तिथे चैतन्य आठले यांच्या प्रयोगशाळेत यीस्टमधल्याच डायनिनवर काम झालं आहे. काचेवर डायनिनचे रेणू चिकटवायचे, वर नळ्या सोडायच्या आणि अनेक हमाल मिळून एक नळी कशी सरकवतात ते बघायचं. हमाल थोडे असतील तर नळी भटकते, पुरेसे असतील तर ती एका दिशेने जाते.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्राण्यांच्या पेशीतले हमाल मोजले. २०१३ साली त्यांनी दाखवलं, की एकटा कायनेसिन जोरकस असतो, पण अनेक कायनेसिन एकत्र आले तर त्यांचं जुळत नाही. डायनिन एकटा दुबळा, पण पाच-दहा मिळाले की ओझं आपसात वाटून घेतात आणि जड वस्तूही ओढून नेतात. बचत गटाच्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मल्लिक पुढे आयआयटी मुंबईत गेले. त्यांना या कामासाठी २०१४ चा भटनागर पुरस्कार आणि २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

आपल्या अंगात

आता ताईंच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. हे आपल्यातही आहे का?

आहे. तीच वीट, त्याच नळ्या, त्याच घराण्यातले हमाल. यीस्ट आणि माणूस यांचे वाडवडील एक अब्ज वर्षांहून आधी वेगळे झाले, तरी हा मांडव दोघांनी टिकवला. दोन उदाहरणं देते.

१९९३ साली माणसातलं एक जनुक सापडलं. ते बिघडलं की बाळाचा मेंदू गुळगुळीत राहतो, त्यावर नेहमीच्या वळ्या पडत नाहीत. मुलाला झटके येतात, वाढ खुंटते. दोन वर्षांनी मॉरिस यांच्याच प्रयोगशाळेला बुरशीत तेच जनुक सापडलं. तिथे ते बिघडलं की केंद्रकं जागेवर पोहोचत नव्हती. यीस्टमध्येही त्याचा भाऊबंद आहे. या जनुकाचं काम म्हणजे डायनिनला मदत करणं. गर्भातल्या बाळाच्या मेंदूत पेशींना लांब प्रवास करायचा असतो आणि तो डायनिनच्या ओढण्यावर चालतो. मेंदूच्या अशा दुखण्यामागे काय आहे, ते समजायला बुरशी कामी आली.

दुसरं उदाहरण दारातलं. सदाफुली. तिच्यातून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगाची औषधं निघतात. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना व्हिन्क्रिस्टिन आजही देतात. ती नळ्या बनू देत नाही, म्हणून कर्करोगाच्या पेशी दोन होऊ शकत नाहीत. स्तनाच्या कर्करोगावर देतात ते पॅक्लिटॅक्सेल नळ्यांना इतकं आखडून टाकतं, की त्या हलूच शकत नाहीत. दोन्ही औषधं मांडवावरच काम करतात. म्हणूनच त्यांचे त्रासही होतात. केस गळतात, हातापायाला मुंग्या येतात. मज्जातंतू लांब असतात, त्यांच्यातला मांडव बिघडला की बोटांच्या टोकापर्यंत माल पोहोचत नाही. आणि घरात सदाफुलीची पानं उकळून पिणं म्हणजे औषध नव्हे. ती विषारी आहेत.

मग कार्बेन्डाझिमचं काय? ते बुरशीच्या विटेला घट्ट धरतं, माणसाच्या विटेला त्यामानाने सैल. म्हणून ते फवारल्या दिवशी कुणी चक्कर येऊन पडत नाही. पण सैल म्हणजे अजिबात नाही, असं नव्हे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने गुणसूत्रांची वाटणी बिघडते, नराच्या बीजावर आणि पोटातल्या पिल्लावर परिणाम होतो, असं आढळलं आहे. त्यामुळे युरोपीय संघाच्या वर्गीकरणात ते जनुकांना, प्रजननक्षमतेला आणि गर्भाला हानी करू शकणारं म्हणून नोंदलेलं आहे. २०१४ नंतर तिथे त्याच्या वापराला मंजुरी राहिलेली नाही. बेनोमिलवर आपल्या सरकारने २०१८ साली बंदी घातली.

गर्भ म्हणजे काय? एकाच पेशीपासून सुरू होऊन दिवसरात्र एकाचे दोन, दोनाचे चार होत जाणं. प्रत्येक वेळी मांडव उभा राहायचा, हमालांनी ओढायचं, वाटणी बरोबर व्हायची. ज्या वस्तूचं कामच मांडव मोडणं आहे, ती अशा वेळी दूर ठेवावी, हे सांगायला आता आणखी कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही.

परदेशात जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६ पासून ग्रेपनेट आहे. प्लॉटची नोंद होते, घडावर औषधाचा अंश किती उरला ते प्रयोगशाळेत तपासतात, जास्त निघाला तर माल थांबतो. चांगली गोष्ट आहे. पण घडाची तपासणी होते, तो घड विरळणाऱ्या हाताची होत नाही. त्याची काळजी आपणच घ्यायची आहे.

म्हणून कामावर जाताना एवढं करा. आज कोणतं औषध मारलं आणि किती वाजता, हे मुकादमाला किंवा मालकाला विचारा. विचारणं म्हणजे भांडण नव्हे. फवारा पुरता वाळल्याशिवाय त्या ओळीत शिरू नका. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, तंबाखू-भाकरीच्या आधी साबणाने हात धुवा. कामाचे कपडे लेकरांच्या कपड्यांबरोबर भिजवू नका. रिकामा डबा घरात पाण्याला वापरू नका. दिवस गेलेली किंवा दिवस जायची शक्यता असलेली बाई फवारणीपासून आणि नुकत्या फवारलेल्या प्लॉटपासून लांब राहील, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. तिला त्या दिवशी दुसरं काम द्यायला सांगा. आणि डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल, पिवळा, निळा, हिरवा. तो औषध एकदम अंगात गेलं तर किती जहाल आहे, ते सांगतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय होईल, ते तो सांगत नाही. हिरवा म्हणजे निर्धोक, असं समजू नका.

त्या ताई परवा पुन्हा भेटल्या. मी त्यांना एवढंच म्हणाले, "ताई, ते औषध बुरशीतला मांडव मोडतं आणि तसाच मांडव आपल्या अंगातही आहे." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे हातमोजे मागायलाच पाहिजेत. एकटीने नाही, गटाने."

हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. पण डायनिनसुद्धा तसंच करतो.